गिलरे, रोलंडसन आणि मंडळी: जॉर्जियन इंग्लंडची व्यंगचित्रं, आणि मूळ छाप ओळखायची कशी

शाईदौत
परदेशी लिलावांच्या संकेतस्थळांवर जेम्स गिलरे या जॉर्जियन काळातल्या (अठरावं शतक आणि एकोणिसाव्याची सुरुवात) इंग्लिश व्यंगचित्रकाराची चित्रं सतत दिसतात. एकच चित्र, खाली एकच तारीख, दोन्हीकडे 'मूळ एचिंग' (आम्लाने पत्र्यावर रेघा खोदून छापलेलं चित्र) असा दावा, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दहापट. चित्राखाली १८०५ कोरलेलं असेल तर ती प्रत १८०५ ची धरायची ना? की यात गोम आहे? जाणकारांनी सविस्तर सांगावं. रंगीत आणि बिनरंगी यांतला फरकही.

ताम्रपट
गोम आहे, आणि ती तारखेतच आहे. खाली कोरलेली तारीख प्लेटची, म्हणजे छपाईच्या तांब्याच्या पत्र्याची असते, कागदाची नाही.

ती तारीख तिथे येते कायद्यामुळे. चित्रकार विल्यम होगार्थच्या खटपटीतून १७३५ मध्ये खोदकामाच्या चित्रांना १४ वर्षांचा हक्क मिळाला, १७६७ मध्ये तो २८ वर्षांचा झाला. अट अशी की मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख प्लेटवरच कोरलेली हवी. म्हणून प्रत्येक चित्राखाली 'पब्लिश्ड फेब्रुवारी २६, १८०५, बाय एच. हम्फ्री, २७ सेंट जेम्सेस स्ट्रीट' अशा थाटाची ओळ असते. ही ओळ पंतप्रधान पिट आणि नेपोलियन पृथ्वीचं पुडिंग कापतात त्या प्रसिद्ध चित्राखालची, 'द प्लम-पुडिंग इन डेंजर'. प्लेट जिवंत आहे तोवर ती ओळही जिवंत. १८०५ मध्ये छापा नाहीतर १८५० मध्ये, तारीख तीच उमटणार.

आणि गिलरेच्या बाबतीत हे खरंच घडलं. तो १८१५ मध्ये गेला, त्याची प्रकाशक हॅना हम्फ्री १८१८ मध्ये. पुढे प्लेट्स हेन्री बोन या प्रकाशकाकडे आल्या आणि १८५० च्या आसपास त्याने सहाशेच्या आसपास चित्रं त्याच तांब्याच्या प्लेट्सवरून पुन्हा छापली. म्हणजे बोनची प्रत नकली नाही, 'मूळ एचिंग' हा शब्दही खोटा नाही. फक्त चित्रकार जाऊन पस्तीसेक वर्षं झालेली असतात. विक्रेते नेमकं याच फटीत बोट घालतात.

बोनची प्रत ओळखायच्या खुणा:
– वरच्या उजव्या कोपऱ्यात कोरलेला आकडा. हम्फ्रीच्या काळात तो नव्हता.
– जाड, पांढुरका, गुळगुळीत कागद.
– कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्र. हम्फ्रीच्या दुकानातली प्रत एकाच बाजूला छापलेली असे.
– बहुधा बिनरंगी. रंग असलेच तर ते नंतर कुणीतरी भरलेले असण्याची शक्यता जास्त.

आकडा खरवडून काढलेल्या किंवा वरची कड कापून तो उडवलेल्या प्रतीही फिरतात. वरचा समास संशयास्पद अरुंद आणि बाकी तीन बाजूंचे ऐसपैस दिसले की सावध व्हा.

कागदवेडा
ताम्रपट यांच्या यादीत कागदाला एकच ओळ मिळाली, म्हणून भर घालतो. कागद हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार.

प्रत उजेडासमोर धरा. जवळजवळ आडव्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, अडीचेक सेंटिमीटर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसल्या तर तो लेड कागद, तारांच्या साच्यावर उचललेला. रेघा नसतील, सगळीकडे एकसारखी विणलेली जाळी वाटली तर वोव्ह. वोव्ह १७५० च्या दशकात आला आणि १७९० नंतर चित्रांसाठी सर्रास झाला. म्हणजे १७८० ची प्रत वोव्हवर असेल तर प्रश्न विचारा, १८०५ ची असेल तर काही बिघडत नाही.

खरी मजा जलचिन्हात, म्हणजे कागदात उजेडासमोर दिसणाऱ्या गिरणीच्या खुणेत. १७९४ च्या एका अबकारी कायद्यामुळे इंग्लंडातल्या कागद गिरण्या जलचिन्हात साल घालू लागल्या. 'जे व्हॉटमन' आणि खाली १८०३, १८०४ असं काही. नियम सोपा: कागदाचं साल प्लेटच्या सालाच्या आधीचं किंवा तेच असेल तर प्रत त्या वेळची असू शकते. नंतरचं असेल तर प्रत नक्की नंतरची. १८०५ च्या प्लेटला १८१३ चा कागद, म्हणजे संपला विषय. उलट बाजूने मात्र हा नियम पुरावा ठरत नाही, कारण जुना कागद शिल्लक पडलेला असू शकतो. आणि चित्र कागदाच्या अर्ध्या तुकड्यावर असेल तर जलचिन्ह दुसऱ्या अर्ध्यात गेलेलं असतं. चिन्ह नाही म्हणून प्रत खोटी असं समजू नका.

रांगोळी
आधी हे सांगा, याला 'व्यंगचित्र' म्हणायचं की 'अर्कचित्र'? शाळेत दोन्ही एकच शिकवलं होतं.

ताम्रपट
अर्कचित्र म्हणजे ओळखीच्या चेहऱ्याचा अर्क. पिटचा विरोधक चार्ल्स फॉक्सच्या दाट भुवया आणि न केलेली दाढी, पिटचा काडीसारखा देह आणि वर उचललेलं नाक, खासदार एडमंड बर्कचा चष्मा आणि शेरिडनचं लाल नाक. व्यंगचित्रात प्रसंग आणि टोमणा हवा. गिलरे दोन्ही एकत्र करतो, म्हणून त्याच्यापाशी हा वाद मिटतो.

बुरिन
चित्र नीट वाचायचं तर ते बनतं कसं हे कळायला हवं. एचिंग करणाऱ्यांसाठी हे ओळखीचं आहे, बाकीच्यांसाठी लिहिते.

तांब्याचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, पॉलिश केलेला. कडा तिरप्या घासायच्याच, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि त्यावरचं लोकरी ब्लँकेट दोन्ही कापले जातात. खडूच्या भुकटीने तेलकटपणा काढायचा. बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथे ग्राउंड, म्हणजे आम्ल रोखणारा थर, सुटतं. मग पत्रा कोमट करून त्यावर ग्राउंड: मेण, डांबर आणि राळ यांचं मिश्रण, रेशमी पुरचुंडीने थोपटून पातळ, एकसारखं. पत्रा जास्त तापला तर ग्राउंड जळून ठिसूळ होतं आणि सुई लावताच टवके उडतात. त्यानंतर पत्रा उलटा धरून मेणवातीची काजळी धरायची, म्हणजे काळ्यावर तांब्याची रेघ चमकून दिसते.

मग सुईने रेखाटन. दाबायचं नाही, फक्त ग्राउंड उघडं करायचं. खोदकाम आम्ल करतं. कडेने मेणाची भिंत घालून पाणी मिसळलेलं नायट्रिक ओतायचं. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने सतत हलवायचे. हलवले नाहीत तर बुडबुड्याखाली आम्ल पोचत नाही आणि रेघ तुटक येते. मागची, दूरची माणसं हलक्या रेघांची हवी म्हणून ती आधी वार्निशने झाकतात आणि पुढच्या आकृत्यांना आम्ल आणखी चावू देतात. आम्ल तीव्र झालं तर ते रेघेच्या कडा आतून पोखरतं, शेजारच्या दोन रेघा एक होतात आणि छापल्यावर तिथे राखाडी डाग दिसतो. शेवटी टर्पेंटाइनने ग्राउंड काढून हवी तिथे बुरिनने (धारदार कोरणीने) रेघ खोल करायची.

भिंग घेऊन पाहा: आम्लाने केलेल्या रेघेचं टोक बोथट असतं, बुरिनच्या रेघेचं टोक निमुळतं होत जातं. गिलरेच्या चेहऱ्यांवर दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. करडी छटा असेल तर ती अ‍ॅक्वाटिंट. राळेचे बारीक कण पत्र्यावर चिकटवायचे आणि कणांच्या मधल्या जागांत आम्लाला खाऊ द्यायचं.

आज घरी करणार असाल तर नायट्रिकच्या वाटेला जाऊ नका, धूर घातक असतो. फेरिक क्लोराईड वापरा. त्यात बुडबुडे येत नाहीत, पण गाळ रेघेत बसतो, म्हणून पत्रा पालथा ठेवावा लागतो.

शाईदौत
म्हणजे सगळं उलटं काढावं लागत असणार? अक्षरंसुद्धा?

बुरिन
सगळं. पुडिंगवरचा नकाशा आठवा. पिट डावीकडे, त्याच्या हातात त्रिशूळासारखा तीन दातांचा काटा, तो ब्रिटनच्या पश्चिमेचा समुद्र कापतोय. नेपोलियन उजवीकडे युरोपचा तुकडा काढतोय. पत्र्यावर पिट उजवीकडे होता आणि युरोप आरशातला. त्यावर शीर्षक, खालची ओळ, सही, सगळं उलटं. या लोकांना ते सवयीचं होतं.

ताम्रपट
इथेच चोरट्या आवृत्त्या पकडता येतात. नक्कल करणारा समोरच्या छापील चित्रावरून थेट पत्र्यावर रेघा ओढतो. छापल्यावर त्याचं चित्र मूळच्या आरशातलं होतं: पिट उजवीकडे जातो, माणसं डावखुरी होतात, तलवार भलत्या कमरेला लटकते. अक्षरं तेवढी सरळ असतात, कारण ती मुद्दाम उलटी कोरावी लागतात. इंग्लंडचा हक्काचा कायदा आयर्लंडमध्ये चालत नव्हता, म्हणून डब्लिनमध्ये हा धंदा राजरोस चाले. मॅक्लीअरीच्या दुकानातल्या नकला आजही बाजारात येतात. त्याही जुन्या आहेत, संग्राह्य आहेत, फक्त गिलरेच्या नाहीत.

सहीकडेही बघा. 'इन्व्ह.' म्हणजे कल्पना याची, 'डेल.' म्हणजे रेखाटन याचं, 'फेक.' किंवा 'स्कल्प.' म्हणजे पत्र्यावरचं काम याचं. गिलरेची सही 'इन्व्ह. अँड फेक.' असेल तर डोकं आणि हात दोन्ही त्याचे. नुसतं 'फेक.' असेल तर कल्पना बहुधा कुणा हौशी सद्गृहस्थाची. अशी मंडळी दुकानात कच्ची रेखाटनं आणून देत आणि गिलरे त्यात जीव ओतत असे.

पुणेरी_पाटी
तांब्यावरून हजारो प्रती काढत असतील की. वर्तमानपत्रासारखा खप असणार.

बुरिन
तांबं मऊ असतं हो. प्रत्येक प्रतीला प्लेट गरम करायची, शाई भरायची, मलमलीने आणि मग तळहाताने पुसायची आणि दोन रुळांमधून दाबून काढायची. प्रत्येक वेळी थोडं तांबं झिजतं. अ‍ॅक्वाटिंटचा बारीक दाणा काहीशे प्रतींतच गुळगुळीत व्हायला लागतो, खोल रेघा त्यापुढे बऱ्याच टिकतात. तांब्यावर पोलादाचा मुलामा चढवण्याची युक्ती या काळानंतरची. म्हणून उशिराच्या प्रतीत छटा उडालेली, चेहरे चपटे आणि काळ्या जागा करड्या दिसतात. रेघा तेवढ्या शाबूत. बोनच्या प्रतींत हे सहज दिसतं.

आणि कागद रात्रभर ओलसर करून वजनाखाली ठेवलेला हवा. कोरडा राहिला तर रेघेतली शाई उचलत नाही आणि छाप फिकट येतो. फार ओला असेल तर तेलकट शाईच घेत नाही.

ताम्रपट
आणि खप वर्तमानपत्रासारखा नसायला किंमत हे कारण पुरेसं होतं. साध्या प्रतीला साधारण एक शिलिंग, रंगीत असेल तर दोनच्या घरात. शेतमजुराला तेव्हा आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत. त्यामुळे विकत घेणारा वर्ग छोटा आणि काचेबाहेर उभं राहून फुकट बघणारा मोठा. गिलरेनेच १८०८ मध्ये 'व्हेरी स्लिपी वेदर' या चित्रात हम्फ्रीचं दुकान काढलंय. चौकोनी तावदानांत चित्रं लावलेली, बघे काचेला चिकटलेले, आणि पुढ्यात एक म्हातारबुवा निसरड्या फरसबंदीवर आपटलेत, टोपी-विग निसटतोय, पण हातातला थर्मामीटर शाबूत! मागच्या एकाही माणसाचं त्यांच्याकडे लक्ष नाही. दुकानाची मांडणी कशी असे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. लंडनच्या पिकाडिलीतला दुकानदार फोर्स तर व्यंगचित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने देत असे, मेजवानीनंतर पाहुण्यांना चाळायला. चीपसाइडच्या टेग या प्रकाशकाने स्वस्त रंगीत माल काढून हा बाजार आणखी खाली नेला.

रांगोळी
रंग कोण भरायचं? गिलरे स्वतः?

कागदवेडा
नाही. दुकानाच्या पदरी रंग भरणाऱ्या बायका-मुली असत. एक नमुना प्रत समोर ठेवून एकाच रंगाचा हात सगळ्या प्रतींवर फिरवायचा, मग दुसरा रंग. म्हणून त्या काळचा रंग पातळ, पारदर्शक आणि घाईचा असतो. लाल कोट रेघेबाहेर सांडलेला, गालावर एकच ठिपका, पार्श्वभूमी बरेचदा कोरी. फार नेटका, कडेपर्यंत बसवलेला, दाट रंग दिसला तर तो नंतरचा असण्याची शक्यता धरा.

तपासण्याच्या तीन गोष्टी. एक, कागदाला जुनी घडी किंवा चीर असेल तर रंग तिच्यात उतरलाय का बघा. घडीत रंग साचला असेल तर घडी आधीची, रंग नंतरचा. दोन, प्रत पालथी करा. दोनशे वर्षांच्या जलरंगाची सावली मागे बहुतेक उमटलेली असते. तीन, रंगद्रव्य. एमराल्ड ग्रीन १८१४ चं, क्रोम यलो १८१० च्या दशकात बाजारात आलं, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ चं. १७९२ च्या प्रतीवर यांतलं काही सापडलं तर रंग मागाहून भरलाय. प्रशियन ब्लू, गॅम्बोज (पिवळा राळरंग) आणि हिंगूळ हे मात्र तेव्हाचेच.

पुणेरी_पाटी
आपल्याकडचं काही आहे का त्यांत? की सगळी पिट आणि फॉक्सचीच भांडणं?

ताम्रपट
भरपूर आहे, कारण ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे पैसा आणि पैसा म्हणजे लंडनचं राजकारण.

१७८३ च्या डिसेंबरात जेम्स सेयर्सचं 'कार्लो खान' आलं. फॉक्स मोगली थाटात हत्तीवर बसलाय, हत्तीला तोंड त्याचा सत्तेतला भागीदार लॉर्ड नॉर्थचं, पुढे बर्क तुतारी वाजवतोय आणि वरात कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीकडे निघालीय. ५ डिसेंबरची तारीख आहे, १७ तारखेला फॉक्सचं इंडिया बिल, म्हणजे कंपनीच्या कारभारावरचं विधेयक, लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात पडलं. बिल पाडलं राजाने, चित्राने नव्हे, पण 'खान' ही पदवी फॉक्सला चिकटली. पिटने सेयर्सला पुढे सरकारी पद दिलं, हे ओघाने आलंच.

मराठी वाचकाला जवळचं वाटेल ते गिलरेचं १७९१ चं 'कमिंग-ऑन ऑफ द मान्सून्स'. श्रीरंगपट्टणहून गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसची माघार. तटावरून टिपू त्याच्यावर सरळ लघवी करतोय, तोच मान्सून! खरी हकीकत अशी की त्या मे महिन्यात पाऊस आणि दाणागोट्याची टंचाई यांमुळे कॉर्नवॉलिसने स्वतःच्या वेढ्याच्या तोफा नष्ट केल्या आणि परतीच्या वाटेवर लगेचच त्याला परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांची फौज रसदेसकट भेटली. चित्र मात्र डिसेंबरातलं, कारण बातमी जहाजाने यायला पाच-सहा महिने लागत. लंडनमध्ये लोक हसत होते तोवर इकडे पुढच्या मोहिमेची तयारी चालू होती. भारतावरच्या चित्रात 'ताजी बातमी' शोधताना हा हिशोब ठेवा.

आणि गिलरेचा समकालीन व्यंगचित्रकार रोलंडसनची 'क्वि हाय' मालिका. टेगने १८१६ मध्ये काढलेल्या एका विनोदी काव्यासाठी केलेली चित्रं. नाव म्हणजे आपलं 'कोई है?', नोकराला मारलेली हाक. नायक मुंबईच्या बंदरावर उतरतो तो प्रसंगही आहे. बंगालवाल्या इंग्रजांना 'क्वि हाय' म्हणत, तसं मुंबईवाल्यांना 'डक' म्हणत, बॉम्बे डकवरून. म्हणजे आपल्या बोंबलावरून.

रांगोळी
बोंबील! हे घरी सांगायलाच हवं.

शाईदौत
एक शंका. नेपोलियन खरंच एवढा बुटका होता का?

ताम्रपट
साधारण १६८ सेंटिमीटर, त्या काळच्या फ्रेंच माणसाला साजेशी उंची. ठेंगणा, मोठ्या टोपीत बुडालेला, आदळआपट करणारा 'लिटल बोनी' (बोनापार्टचं टोपणनाव; प्रकाशक बोनशी संबंध नाही) मुख्यतः गिलरेने १८०३ पासून रूढ केला. त्याआधीच्या चित्रांत तो हडकुळा आहे, बुटका नाही. त्यामुळे प्रत बोनीच्या अंगकाठीवरून ढोबळ काळात बसवता येते.

कागदवेडा
घेणाऱ्यांसाठी आणखी एक. आधुनिक ऑफसेटच्या प्रती 'मूळ' म्हणून खपवतात, त्या दहापट भिंगाखाली एका क्षणात कळतात. ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला. खऱ्या छापात शाई कागदावर किंचित उभी असते, तिरपा उजेड टाका म्हणजे रेघेला सावली पडते. चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाब हवा, बोटाला लागणारा. नुसत्या दाबावर विसंबू नका, तो खोटाही उठवता येतो. बरेच जुने संग्राहक दाबाच्या आत कापून चित्र वहीत चिकटवत, त्यामुळे दाब नसणं हा दोष आहे, बनावटीचा पुरावा नव्हे. आणि दाब अजिबात नाही, रेघ खडूसारखी, असं १८३० च्या आसपासचं चित्र असेल तर ते दगडावरचं, लिथोग्राफ. 'एचबी' सहीची जॉन डॉयलची चित्रं तशीच आहेत. टोमणा सौम्य, शाई मऊ. मला ती अळणी वाटतात.

बुरिन
अळणी हा शब्द चपखल.

शाईदौत
समजा बोनचीच प्रत घेतली. मुंबईच्या हवेत ठेवायची कशी? फ्रेमवाला तर हार्डबोर्ड आणि चिकटपट्टी लावून देतो.

कागदवेडा
शिकायला बोन उत्तम, मुद्दाम घ्या. रेघ तीच आहे आणि फाटली तर जीव जात नाही.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावा. हार्डबोर्ड चित्राला थेट टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित पुठ्ठा हवा, नाहीतर काही वर्षांत मागून तपकिरी चौकट उमटते. चिकटपट्टी अजिबात नको. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, बास. आणि काच चित्राला चिकटता कामा नये. माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा, काच आणि चित्राच्या मध्ये घाला, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर हवा राहते. पावसाळ्यात काचेला टेकलेल्या कागदावरच पहिली बुरशी धरते.

बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती ओल धरते. रंगीत प्रत उन्हापासून आणि दिव्याच्या झोतापासून लांब ठेवा. गॅम्बोजचा पिवळा आणि लाखेचे तांबडे आधी उडतात, आणि पिवळा उडाला की हिरवळ निळी दिसायला लागते. लिलावातल्या छायाचित्रात निळं गवत दिसलं तर त्याचं कारण हेच. फ्रेमची मागची बाजू वर्षातून दोनदा उघडून कसर बघा. डांबराच्या गोळ्या फ्रेममध्ये टाकू नका, वाफ कागदावर बसते. चित्र दोन्ही बाजूंना छापलेलं असेल तर मागचं चित्र कोणतं हे फ्रेम करण्याआधी बघून घ्या. कधी कधी तेच जास्त चांगलं असतं.